चाकूच्या पात्यावरचे ओरखडे: कुठल्या फिनिशवर किती दिसतात, टाळायचे कसे, काढायचे कसे

नवा मिटता चाकू घेतला की पहिल्या आठवड्यातच पात्यावर एखादी रेघ उमटते आणि जीव हळहळतो. मग कुणी घासणीने घासतो, कुणी ब्रासो लावतो, कुणी थेट ग्राइंडरवाल्याकडे नेतो, आणि एका रेघेच्या दहा रेघा होतात. हे टाळायचं असेल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी: पात्याचं फिनिश म्हणजे मुळात ओरखडेच असतात. कारखान्यात घासपट्ट्यावर, चाकावर किंवा खड्यांच्या ड्रममध्ये ते मुद्दाम पाडलेले असतात, सगळे एका दिशेचे किंवा सगळे एका मापाचे. वापरताना पडलेली रेघ त्या मांडणीत बसत नाही, म्हणून डोळ्यांत भरते. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे पातं गुळगुळीत करणं नव्हे, तर नव्या रेघेला जुन्या रेघांच्या रांगेत बसवणं.

पोलादाला रेघ पाडतं कोण?

चाकूचं पोलाद साधारण ५५ ते ६२ एचआरसी (कडकपणा मोजायची रॉकवेल पट्टी) कडक असतं. ५८ एचआरसी म्हणजे विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या मोजपट्टीवर जवळपास ६५०. वाळूतला गारेचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, त्याच पट्टीवर १००० च्या वर जातो. म्हणजे भाजी, दोरी, पोतं, लाकूड यांतलं काहीही पोलादाला रेघ पाडत नाही. त्यांच्यावर बसलेली धूळ पाडते.

आपल्या बेळगाव भागात या धुळीची कमतरता नाही. खानापूर, जांबोटीकडे जांभ्याची तांबडी माती सगळ्याला चिकटते. निपाणी, चिकोडीकडची तंबाखूची पानं मुळातच चिकट, त्यांच्या लवेवर शिवारातली धूळ बसून राहते. पानं खुडताना नाही, पण देठ कापताना तीच धूळ पात्यावर घासली जाते. उसाच्या पाल्यात तर वनस्पतीने स्वतःच सिलिका साठवलेली असते. अंगावर खाज आणि चरे उठतात ते त्यामुळेच. ही सिलिका गारेइतकी कडक नसली तरी आरशासारख्या पात्याची चमक मारायला पुरते. रताळी सोलायची तर आधी धुवावीत, हा नियम पात्यासाठीही खरा आहे. रद्दीपासून बनवलेल्या पुठ्ठ्यात बारीक कच असते, वर खोक्याच्या पिना. बाजारात दिवसभर खोकी फोडणाऱ्याचं पातं शेतकऱ्याच्या पात्यापेक्षा लवकर चरतं ते म्हणून.

कुठल्या फिनिशवर काय दिसतं?

आरसा पॉलिश दिसायला सर्वांत सुंदर आणि वापराला सर्वांत हळवं. त्यावर बोटाचा ठसाही उमटतो, मग रेघेचं काय. खिशात सुट्ट्या नाण्यांबरोबर ठेवण्याच्या चाकूला हे फिनिश घेऊ नये. मात्र गंजाला ते सर्वांत कमी बळी पडतं, कारण पाणी आणि मीठ अडकून राहायला खाचा नसतात.

सॅटिनवर सगळ्या रेघा एकाच दिशेने जातात. त्या दिशेने पडलेली नवी रेघ सहसा मिसळून जाते, आडवी पडलेली लगेच दिसते. पातं दिव्याखाली धरून हळूहळू फिरवा, दिशा कळेल. कारखान्यातून आलेल्या बहुतेक सॅटिन पात्यांवर रेघा पाठीकडून धारेकडे उतरतात. हाताने घासलेल्या महागड्या पात्यांवर त्या मुठीकडून टोकाकडे धावतात. दुरुस्तीच्या वेळी हीच दिशा धरायची आहे, म्हणून ती आधीच नक्की करा.

स्टोनवॉश म्हणजे पातं सिरॅमिकच्या खड्यांबरोबर ड्रममध्ये घोळवलेलं. ओरखडे सगळ्या दिशांनी असल्यामुळे नवा ओरखडा त्यात हरवून जातो. रोजच्या कामाच्या चाकूला आमची पहिली पसंती याचीच. त्याआधी पातं आम्लात काळवलेलं असेल तर ते आणखी सोयीचं.

बीड ब्लास्ट, म्हणजे काचेच्या मण्यांच्या फवाऱ्याने केलेलं राखाडी मॅट, दुकानात छान दिसतं. त्यावरची रेघ चकचकीत उमटते, आणि त्या खडबडीत पृष्ठभागात ओल धरून राहते. कणकुंबी, आमगावच्या पावसात असं पातं स्टेनलेस असूनही ठिपक्यांनी तांबूस होतं.

काळ्या पात्यांत तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या एकच समजल्या की फसगत होते. ब्लॅक ऑक्साइड हा पोलादाच्याच वरच्या थराचा रंग. तो पातळ असतो आणि खिशात घासूनही उडतो. रंग किंवा सिरॅमिक मिसळलेलं पॉलिमर कोटिंग जाड असतं, पण ते पोलादापेक्षा मऊ. त्यावर ओरखडा गेला की खालचं पांढरं पोलाद उघडं पडतं. डीएलसी हा कार्बनचा थर जाडीला साधारण १ ते ४ मायक्रॉनच, पण कडकपणा विकर्सवर २००० च्या आसपास किंवा त्याहून वर. म्हणजे वाळूही त्याला सहजी चरत नाही. मग डीएलसी पात्यावर चंदेरी रेघा दिसतात त्या कसल्या? बहुतेक वेळा तो ओरखडा नसतोच. पिन, तार, खिळा अशा मऊ धातूचा कण कोटिंगवर पुसला गेलेला असतो. साधं पेन्सिलीचं खोडरबर घेऊन त्या रेघेवर वीस-पंचवीस वेळा जोराने घासा. रेघ फिकी होऊन रबर करडं झालं तर तो परका धातू; राहिलेलं कापडावर थोडं मेटल पॉलिश घेऊन जातं. रबराने काहीच झालं नाही आणि भिंगातून खाच दिसली तर मात्र कोटिंग खरंच गेलं आहे. घरी ते परत चढवता येत नाही. मार्करने रंगवून काही दिवस झाकता येतं, एवढंच.

रेघ वाचायला शिका

दुरुस्तीआधी रेघ कुठे आहे आणि कुठल्या दिशेने गेली आहे ते पाहा. कारण त्यातच सापडतं.

धारेला समांतर, धारेच्या दोन-तीन मिलिमीटर वर रेघांचा पट्टा असेल तर तो सहाणेचा आहे. धार लावताना पातं फार आडवं झालं आणि गालाचा, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूचा, भाग दगडाला लागला. नेहमीच्या वापराने हा पट्टा कधीच पडत नाही.

मुठीजवळ, खिळ्याभोवती कमानीसारखी एकच रेघ असेल तर ती मिटण्या-उघडण्याची. लायनर लॉकच्या (मुठीतली पत्र्याची पट्टी पातं अडवते अशा) चाकूत पातं मिटलेलं धरून ठेवणारी बारीक गोळी असते, ती पात्यावरून फिरताना हा माग सोडते. तो काढू नका, पुन्हा पडणारच. एकाऐवजी अनेक कमानी दिसत असतील तर वायसरमध्ये कच शिरली आहे. कोमट साबणाच्या पाण्यात चाकू बुडवून पंधरा-वीस वेळा उघडमीट करा, वाहत्या पाण्याखाली तेच करा, झटकून उन्हात वाळवा आणि खिळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा.

गोल गोल, जाळीसारख्या बारीक रेघा सगळ्या पात्यावर असतील तर दोष घासणीचा. हिरव्या स्क्रबरमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते, म्हणजे घासकागदावर असते तसलीच. भांड्याला चालतं, पात्याला नाही. तारेची घासणी आणि राखही नको.

खोली पाहायला नखाची कड रेघेवरून आडवी फिरवा. नख अडकलं तर रेघ खोल आहे, ती काढायला बरंच पोलाद घासावं लागेल. नख अडकत नसेल तर काम अर्ध्या तासाचं.

सहाणेचे ओरखडे टाळण्यासाठी

पात्याच्या दोन्ही गालांवर, धारेच्या उताराच्या अगदी वरपर्यंत, साध्या चिकटपट्टीचे दोन थर लावा. पट्टी दगडाला लागून फाटायला लागली की कोन घसरल्याचं लगेच कळतं. धारेच्या उतारावर काळा मार्कर ओढा. दगडावर चार-पाच हात मारल्यावर मार्कर उताराच्या पूर्ण रुंदीतून गेला पाहिजे. फक्त वरच्या कडेचा गेला तर पातं आडवं झालंय, फक्त धारेच्या अगदी कडेचा गेला तर जास्त उभं. खिशातल्या चाकूला एका बाजूला १७ ते २० अंश पुरतात. दगडावर साचलेला काळा गाळ वरचेवर धुऊन टाका, तोही गालावर चढून रेघा पाडतो.

सॅटिन पातं हाताने पूर्ववत करणं

ही दुरुस्ती घरी सर्वांत चांगली जमते आणि जवळजवळ सगळ्या साध्या पात्यांना लागू पडते. कोटिंगच्या किंवा बीड ब्लास्टच्या पात्यावर ती करू नका. पात्यावर कंपनीचं नाव छापील किंवा लेझरचं असेल तर ते घासताना जाईल, हे आधीच ठरवून घ्या. ठोकून उठवलेलं नाव टिकतं.

लागणारं सामान: ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद) प्रत्येकी एक, सपाट फळी साधारण ३० सेंटिमीटरची, एक सी-क्लॅम्प, कडक रबराचा किंवा लाकडाचा काडेपेटीएवढा ठोकळा, इन्सुलेशन टेप, भांड्याच्या साबणाचे थेंब टाकलेलं पाणी. हे सगळं रविवार पेठेत किंवा खडेबाजारात हार्डवेअरच्या दुकानात मिळतं; पण पेपर शक्यतो गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून घ्या. मागच्या बाजूला नंबराआधी ‘पी’ छापलेला पेपर मागा. स्वस्तातल्या बिननावाच्या पेपरात हजार नंबरातही एखादा जाडा कण निघतो आणि शेवटच्या हाताला नवी रेघ पाडतो.

१. पातं स्वच्छ करा. फणसाचा चीक किंवा तंबाखूचा काळा चिकटा असेल तर आधी खोबरेल तेल चोळून सोडवा, मग साबणाने धुवा. चिकात बसलेली कच पेपराखाली आली तर सगळी मेहनत वाया.

२. धारेवर इन्सुलेशन टेप लावा, लांबीभर, दोन थर. कागदी मास्किंग टेप पाण्याने सुटतो. हा टेप बोटांसाठी आहे. घासताना हात घसरला तर टाके पडण्याइतकी जखम होते, म्हणून ही पायरी गाळू नका.

३. पातं उघडून फळीवर सपाट ठेवा, मूठ फळीच्या कडेबाहेर लोंबू द्या, आणि मूठ-पात्याच्या सांध्याजवळ चामड्याचा तुकडा घालून क्लॅम्प आवळा. पात्याचं टोक फळीच्या आतच राहिलं पाहिजे. बाहेर आलेलं टोक दाबाने वाकतं किंवा मनगटात जातं.

४. पेपराची अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटाने घासू नका. बोट मऊ असतं, त्यामुळे पात्यावर लाटा उठतात आणि गालावरची रेखीव कड गोल होते. ती कड एकदा गेली की हाताने परत येत नाही.

५. सुरुवात बारीक पेपरापासून करा. १००० ने वीस हात मारून पाहा. रेघ हलली नाही तर ८००, मग ६००, आणि नख अडकणारी रेघ असेल तरच ४००. पहिल्यापासून ४०० घेतला तर एक रेघ काढायला शंभर नव्या पाडून ठेवाल.

६. ज्या नंबराने रेघ निघाली तिथून परत वर चढा, आणि प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा बदला. ४०० तिरपा डावीकडे घासला असेल तर ६०० तिरपा उजवीकडे. आधीच्या नंबराच्या तिरप्या रेघा पूर्ण नाहीशा झाल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. दर दोन-तीन मिनिटांनी पातं पुसून दिव्याखाली तिरपं धरा. मुठीजवळच्या कोपऱ्यात जुन्या रेघा हमखास राहतात, तिथे अरुंद पट्टी वापरा.

७. शेवटचा हात. मूळ फिनिशशी जुळणारा नंबर घ्या. कारखान्याचं साधारण सॅटिन ४०० ते ६०० च्या आसपास जुळतं, स्विस चाकूंची पाती त्याहून बरीच बारीक असतात. कोरी पट्टी, भरपूर पाणी, आणि मूळ दिशेने एकच लांब ओढ. टोकाला किंवा कडेला पोचलात की ठोकळा उचला, परत सुरुवातीला ठेवा, पुन्हा ओढा. मागेपुढे घासायचं नाही. उलट फिरताना सुटलेला कण जागच्या जागी वळतो आणि रेघेच्या शेवटी गळासारखा छोटा आकडा उमटतो. असे आकडे दिसले तर समजा की मागेपुढे हात गेला किंवा पट्टी जुनी झाली. दर चार-पाच ओढींना पट्टीचा कोरा भाग पुढे घ्या.

दुसरी बाजू करताना फळी आधी धुवा. फळीवर उरलेली पूड पहिल्या बाजूला खालून चरते, आणि हे उलटून पाहीपर्यंत कळत नाही. शेवटी टेप काढा, साबणाने धुवा, खिळ्यातली पूड उघडमीट करून काढा, वाळवा, तेल लावा.

आरसा पॉलिश हवं असेल तर याच क्रमाने १५०० आणि २००० पर्यंत जाऊन पुढे चामड्यावर ३ आणि मग १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. आमचं मत स्पष्ट आहे: कामाच्या चाकूवर ही मेहनत करू नये.

घरचा स्टोनवॉश

हे फक्त स्क्रू काढून पातं मुठीपासून वेगळं होणाऱ्या चाकूसाठी. रिव्हेट ठोकलेल्या चाकूंना नाही. जाड प्लास्टिकची तीन ते पाच लिटरची बरणी अर्धी खड्यांनी भरा. सिरॅमिक खडे उत्तम. ते नसतील तर मत्स्यपेटीसाठी मिळणारे ५ ते १० मिलिमीटरचे गोल खडे. खडी नको, तिच्या कडा तीक्ष्ण असतात. खडे बुडतील इतकं पाणी, साबणाचे दोन थेंब, आत पातं, घट्ट झाकण, वरून जुनं पोतं गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं हलवा आणि पाहा. हलकं फिनिश एवढ्यात येतं. नख अडकणाऱ्या रेघा यात जात नाहीत, त्या आधी पेपरनेच काढाव्या लागतात. धार पूर्ण मरते, ती नंतर लावायचीच.

उद्यमबाग किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांची बर, म्हणजे कडेला उरलेले धातूचे काटे, काढणाऱ्या एखाद्या शॉपमध्ये व्हायब्रो मशीन (खड्यांत भाग हलवून घासणारं यंत्र) असेल, आणि मालकाने पातं टाकायला परवानगी दिली, तर बरणीपेक्षा शंभर पटीने एकसारखं काम होतं. सिरॅमिकचेच खडे असल्याची खात्री करून घ्या.

कार्बन पोलादाची पाती

लोहाराने घडवलेला चाकू किंवा एक्ससी९० पोलादाचं ओपिनेल (फ्रेंच मिटता चाकू), ज्यात ०.९ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, यांना वेगळा न्याय. कैरी, लिंबू, कच्चं केळं कापलं की ही पाती निळसर-करडी होतात. हा गंज नव्हे. हा थर तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो आणि बारीक ओरखडे झाकतो. घासून घालवू नका. डाग-डाग दिसत असतील तर सगळं पातंच एकसारखं काळवून घ्या: साबणाने धुऊन, हात न लावता, कोमट पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंधरा मिनिटं बुडवा, धुवा, मग हिरड्याच्या किंवा अगदी कडक चहाच्या गार काढ्यात तीन-चार तास ठेवा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा थर धरतो. जिथे बोटाचं तेल राहिलं असेल तिथे तो धरत नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा, वाळवा, तेल लावा. स्टेनलेसवर हा उपाय चालत नाही.

ग्राइंडर आणि बफ

कोरड्या चाकावर ठिणग्या उडत असताना पात्याची कड निळी झाली तर तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलेलं असतं. बहुतेक चाकूंचं पोलाद कडक केल्यावर टेंपर करतात, म्हणजे पुन्हा तापवून चिवट करतात, ते त्याहून कमी तापमानावर, त्यामुळे तेवढा भाग मऊ पडतो आणि धार टिकत नाही. एका ओरखड्यासाठी हा धोका घेऊ नये. बफिंगच्या चाकाबद्दल तर स्पष्ट सांगतो: कापडी चाक धारेत अडकलं की चाकू हातातून हिसकावून अंगावर फेकतं. सवय नसेल तर लांब राहा.

पावसाळ्यात

नवा ओरखडा कोटिंग फोडून गेला असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पातं पुसून तेलाचा हात फिरवा. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन फळं कापायच्या चाकूला उत्तम. ते खवट होत नाही. खोबरेल चालतं, पण डिसेंबरच्या थंडीत थिजून खिळा जड करतं. करडई, सूर्यफूल, जवसाचं तेल लावू नका, ते वाळून चिकट होतं आणि त्या चिकटात धूळ बसते. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पात्याला डागतात. सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पुसायचं कापड दर वेळी झटकून घ्या, कारण तांबड्या मातीची कच त्यातच जास्त असते.